राष्ट्रीय महामार्गाची निगा नक्की कोण राखतं, आणि दर पावसाळ्यात त्याच जागी खड्डा का पडतो?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘मी नोकरीसाठी रोज चाळीस किलोमीटर राष्ट्रीय महामार्गाने जातो. टोल भरतो. रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे. दर जुलैत ठरावीक चार ठिकाणी खड्डे पडतात, बुजवतात, पुन्हा पडतात. एवढी मोठी राष्ट्रीय यंत्रणा असताना देखभाल म्हणजे नेमकं कोण, काय आणि कसं करतं?’

मी सत्तावीस वर्षं महामार्गांवर काढली. पहिली नऊ कंत्राटदाराकडे, पुढची सगळी देखरेख करणाऱ्या सल्लागार संस्थांमध्ये. डांबर टाकणारी बाजूही पाहिली आणि ते तपासणारीही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नातले ‘ठरावीक चार ठिकाणी’ हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. खड्डे कुठेही पडत असते तर मी डांबराच्या दर्जाबद्दल बोललो असतो. त्याच जागी पडतात म्हणजे तिथे पाणी मुरतंय. ते मुरतंय हे कोणालातरी माहीतही असतं, पण ते बाहेर काढणं कोणाच्याच कामाच्या यादीत बसलेलं नसतं. असं का होतं ते समजायला आधी रस्ता कोणाचा हे पाहावं लागेल.

राष्ट्रीय महामार्ग म्हटला की तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचाच, असं बहुतेक जण धरून चालतात. मालकी केंद्र सरकारची आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने ती ठरते आणि रस्ते वाहतूक मंत्रालय ती सांभाळतं. प्राधिकरण १९८८ च्या कायद्यातून निघालं आणि १९९५ पासून प्रत्यक्ष कामाला लागलं. देशात आज सुमारे १.४६ लाख किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग आहेत. मंत्रालय त्यातले काही प्राधिकरणाकडे सोपवतं, काही त्या त्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, आणि सीमेलगतचे, डोंगरातले रस्ते सीमा रस्ते संघटनेकडे किंवा एनएचआयडीसीएल या सरकारी कंपनीकडे.

आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण मुंबई–गोवा महामार्गाचं, म्हणजे आताच्या ६६ क्रमांकाचं. चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हे पहिले ८४ किलोमीटर प्राधिकरणाकडे आहेत (हे इंदापूर रायगडातलं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे). तिथून पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम राज्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. गाडीतून जाणाऱ्याला रस्ता एकच दिसतो, पण इंदापूर ओलांडलं की अभियंते बदलतात, कंत्राटं बदलतात, तक्रार घेणारं कार्यालयही बदलतं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग तर राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. त्यांच्या तक्रारी प्राधिकरणाकडे करून उपयोग नाही.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रस्त्यांची ही सगळी व्यवस्था ज्या दोन ठिकाणांहून उभी राहिली, त्या दोन्हींचा महाराष्ट्राशी संबंध आहे. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून केंद्रीय रस्ते निधी आला आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, जिची मानकं हातात धरून आम्ही आजही काम करतो. आणि १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथे ठरली. जयकर समितीने इंधनावरच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा पैसा ठेवायची वाट दाखवली होती. आज पेट्रोल–डिझेलवरच्या उपकरातून रस्ते आणि पायाभूत सुविधा निधीत जो पैसा जातो, त्याची मुळं तिथे आहेत.

आता मुख्य मुद्दा. प्राधिकरणाचे अभियंते स्वतः खड्डा बुजवत नाहीत. त्यांच्याकडे तेवढी माणसंही नाहीत, यंत्रंही नाहीत. जिल्ह्या–दोन जिल्ह्यांमागे एक प्रकल्प अंमलबजावणी कार्यालय असतं, त्याचा प्रमुख प्रकल्प संचालक. त्याच्या हाताखाली मोजके लोक आणि शेकडो किलोमीटर रस्ता. प्रत्यक्ष काम कंत्राटदार करतो आणि त्याच्यावर सल्लागार संस्थेचे अभियंते देखरेख करतात. म्हणून तुमच्या रस्त्यावर देखभाल कशी होणार हे बरंचसं त्या रस्त्याचं कंत्राट कुठल्या प्रकारचं आहे यावर ठरतं. सामान्य माणसाला हे कधी कोणी सांगत नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी हेच विचारायला हवं.

सरकार पूर्ण पैसे देऊन कंत्राटदाराकडून रस्ता बांधून घेतं, त्याला ईपीसी म्हणतात. काम संपल्यावर दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. हल्लीच्या कंत्राटांत तो डांबरी रस्त्याला साधारण ५ वर्षं आणि काँक्रीटला १० वर्षं असतो. या काळात जे बिघडेल ते कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं. दुसरा प्रकार बीओटी: कंत्राटदार स्वतः पैसा उभा करतो आणि वीस–तीस वर्षं टोल घेऊन वसूल करतो, तेवढी वर्षं देखभालही त्याचीच. तिसरा, २०१६ पासून जास्त वापरात आलेला, हॅम. यात बांधकामाच्या वेळी ४० टक्के रक्कम सरकार देतं आणि उरलेली ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने. टोल प्राधिकरण घेतं, पण रस्ता १५ वर्षं सांभाळायची जबाबदारी बांधणाऱ्यावर राहते. तयार रस्ता टोलसकट ठरावीक वर्षांसाठी कंपनीला देऊन एकरकमी पैसे घेण्याचा टीओटी हाही एक प्रकार आहे. आणि ज्या रस्त्याला यातलं काहीच लागू नाही, दोषदायित्व संपलं आणि नवा प्रकल्प अजून आला नाही, तिथे नुसत्या देखभालीची कंत्राटं काढतात: एक–दोन वर्षांची अल्पमुदतीची, नाहीतर पाच ते सात वर्षांची कामगिरीवर आधारित.

माझं मत विचाराल तर बांधणाऱ्याच्याच गळ्यात पंधरा वर्षांची देखभाल असते तिथे रस्ता बांधतानाच वेगळा विचार होतो. हे मी जवळून पाहिलं आहे. पाच वर्षांचं दायित्व असलेल्या कामावर मोरीच्या (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या छोट्या पुलाच्या) तोंडाशी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचं की नाही यावर वाद घालावा लागायचा. पंधरा वर्षं सांभाळायचं असलेल्या कामावर कंत्राटदाराचाच माणूस येऊन म्हणायचा, ‘साहेब, इथे आणखी एक मोरी टाकू, नाहीतर दर पावसाळ्यात भराव कापला जाईल.’ माणसं तीच, शिक्षण तेच, पण खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे बदललं की गटाराकडे बघायची नजरही बदलते. एक–दोन वर्षांच्या देखभाल कंत्राटाबद्दल मात्र मला फारसं चांगलं बोलता येणार नाही. त्यात ठेकेदाराला मोजून दिलेली कामं करायची असतात आणि पुढच्या पावसाळ्यात रस्ता कसा राहील याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते दोन कंत्राटांच्या मधल्या काळात, आणि रुंदीकरण चालू असताना. तुमचा रस्ता नेमका तिथे अडकला आहे. करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की नवं काम ताब्यात घेतल्या दिवसापासून जुना रस्ता वाहतुकीला योग्य ठेवायची जबाबदारी नव्या कंत्राटदाराची. पण त्याचे पैसे, माणसं, यंत्रं सगळी नव्या कामाकडे लागलेली असतात. जुनी लेन सहा महिन्यांत उखडायचीच आहे, तिच्यावर चांगलं डांबर कशाला घालायचं, असा हिशेब होतो. ते सहा महिने भूसंपादनात अडकून तीन वर्षं होतात. दरम्यान रुंदीकरणासाठी बाजूची गटारं बुजवलेली असतात, नवीन अजून झालेली नसतात, आणि पावसाचं सगळं पाणी जुन्या रस्त्यावर उभं राहतं. तुमच्या चारांपैकी निदान दोन जागांची कहाणी अशीच असणार.

एका कामावर रुंदीकरणाच्या पट्ट्यातले खड्डे आम्ही आठवड्याला नोंदवायचो, नोटीस जायची, दंड कापला जायचा. कंत्राटदार तो दंड निमूटपणे भरत राहिला, कारण दुरुस्तीपेक्षा तो स्वस्त पडत होता. त्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात एक दुचाकीस्वार गेला. अजूनही त्या ठिकाणावरून जाताना मी गाडी हळू करतो. दंडाची रक्कम दुरुस्तीच्या खर्चापेक्षा ठळकपणे जास्त असलीच पाहिजे, हे त्यानंतर मी प्रत्येक बैठकीत बोललो आहे आणि पुढेही बोलेन.

टोलचंही इथेच सांगतो. टोल २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे ठरतो. चौपदरी रस्त्यावर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे हा २००७–०८ चा मूळ दर होता, त्यावर दर १ एप्रिलला ठरलेल्या सूत्राने वाढ होते. बीओटी रस्त्यावर तो कंपनीला मिळतो, ईपीसी आणि हॅममध्ये सरकारी तिजोरीत जातो. म्हणजे टोलची पावती आणि तुमच्या रस्त्यावरचं डांबर यांचा थेट एकास एक हिशेब नसतो. तरीही पैसे घेता तर रस्ता चालण्याजोगा ठेवा, ही अपेक्षा आता न्यायालयानेही उचलून धरली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ५४४ क्रमांकाच्या महामार्गावरची पालियेक्करा इथली टोलवसुली रस्त्याच्या अवस्थेमुळे थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आमच्या क्षेत्रात या आदेशाची चर्चा खूप झाली, आणि व्हायलाच हवी होती.

आता रोजचं काम. जुन्या बांधकाम खात्यात मैलकुली असायचा. ठरावीक मैलांचा पट्टा त्याचा. खोरं, पाटी, घमेलं घेऊन तो रोज त्यावरून चालायचा. साइडपट्टीवर मुरूम ओढायचा, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, झाड पडलं तर मुकादमाला कळवायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा अशी दोन–तीन माणसं निवृत्तीला आलेली होती. त्यातल्या एकाला कुठल्या मोरीतून किती दिवसांनी पाणी ओसरतं हे पाठ होतं. आज त्याच्या जागी गस्तीची गाडी आहे. ती दिवसरात्र फिरते, बंद पडलेली वाहनं हलवते, अपघाताला क्रेन आणि रुग्णवाहिका बोलावते. हे मोठं काम आहे आणि त्याने अनेक जीव वाचतात. पण ताशी पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून मोरीचं तोंड दिसत नाही.

करारात प्रत्येक दोषाला मुदत असते. मी ज्या ईपीसी कंत्राटांवर काम केलं त्यांत खड्ड्याला २४ तास होते, भेगांना १५ दिवस, चाकोरी १० मिलिमीटरपेक्षा खोल गेली तर ३० दिवस. रस्त्यावर पडलेला राडारोडा किंवा मेलेलं जनावर सहा तासांत हटवायचं. साइडपट्टी रस्त्यापेक्षा ४० मिलिमीटरने खाली गेली तर सात दिवसांत भरायची. ही शेवटची बाब किरकोळ वाटते, पण रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की दुचाकीवाला कडेला जातो आणि त्या दोन बोटांच्या उंचीवरून पडतो. गाळाने भरलेल्या मोऱ्या आणि गटारं सात दिवसांत साफ करायची, वस्तीतली २४ तासांत. कागदावर हे सगळं चोख आहे.

तरीही खड्डा त्याच जागी पुन्हा का पडतो? कारण २४ तासांत खड्डा बुजवता येतो, पण त्याखालचं पाणी २४ तासांत काढता येत नाही. चांगल्या चौपदरी रस्त्याला दुभाजकापासून कडेला अडीच टक्के उतार असतो. सात मीटर रुंदीला साडेसतरा सेंटिमीटर. तेवढ्याने पाणी कडेला जातं, साइडपट्टीवरून गटारात, गटारातून मोरीत, मोरीतून ओढ्याला. या साखळीतली एक कडी तुटली की पाणी मागे हटतं आणि खडीच्या थरांत शिरतं. आपल्याकडे देशावर, म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या पठारावर, काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरून ट्रक गेला की थरांमधलं पाणी दाबाखाली वर येतं आणि डांबराला खडीपासून सोडवतं. आधी जाळीसारख्या बारीक भेगा दिसतात, मग भेगांतून पांढरट चिखल वर येतो, मग एका रात्रीत तुकडा उचकटतो. तुम्ही त्याला खड्डा म्हणता. मी जाळी दिसली तेव्हाच उशीर झाला असं धरतो.

माझ्या एका पट्ट्यावर मराठवाड्यात असंच होतं. दोनशे मीटर रस्ता तीन पावसाळे लागोपाठ उखडला. तिन्ही वेळा डांबर काढून नवीन टाकलं. चौथ्या वर्षी मी भर पावसात छत्री घेऊन तिथे दोन तास उभा राहिलो. पलीकडे एका ढाब्यासमोर गाड्या आत जायला गटार मुरमाने बुजवून टाकलं होतं, खाली पाइपही घातला नव्हता. वरच्या बाजूचं सगळं पाणी तिथे अडून दुभाजकाखालून आमच्या बाजूला येत होतं. महामार्गावरून असा रस्ता काढायला २००२ च्या कायद्याखाली परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती, आणि ती नाही हे तीन वर्षं कोणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. आम्ही मुरूम उपसून दोन पाइप घातले. ढाबेवाल्यानेही आडकाठी केली नाही. त्याच्याही दारात चिखल होतच होता. त्यानंतर तो पट्टा टिकला. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अभियंत्याला मी पहिली पाहणी पाऊस पडत असतानाच करायला लावली. कोरड्या रस्त्यावरून पाणी कुठे जातं हे कळत नाही.

खड्डा बुजवायचीही रीत आहे. कडा सरळ उभ्या कापून चौकोन करायचा, सैल झालेलं सगळं काढायचं, आत कोरडं आणि स्वच्छ करायचं, बाजूंना आणि तळाला डांबराचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) मारायचं, मग माल थराथरात घालून रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. नेहमीच्या व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा गरम माल पसरताना १४० अंशांच्या आसपास हवा आणि ९० अंशांखाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. प्लँटपासून दोन तास लांब असलेल्या ठिकाणी ट्रॉलीतून उघडा आणलेला माल पोहोचेपर्यंतच थंड होतो. आणि भर पावसात, साचलेल्या पाण्यावर गरम डांबर टाकायचंच नाही असं मानकच सांगतं. म्हणून पावसाळ्यात कोल्ड मिक्स (गरम न करता घालायचा डांबरी माल) वापरतात, खोल खड्ड्यात खडी किंवा पेव्हर ब्लॉक बसवतात. ते तात्पुरतं असतं आणि तात्पुरतंच समजायला हवं. ऑक्टोबरात तो तुकडा पुन्हा उघडून नीट केला नाही तर पुढच्या जुलैत तुमची गाडी तिथेच आपटणार.

वरून चांगला दिसणारा रस्ता आत कसा आहे हे पाहायला आता साधनं चांगली आहेत. लेझर, कॅमेरे आणि जीपीएस लावलेली सर्वेक्षण गाडी वाहतुकीच्या वेगाने जाते आणि खडबडीतपणा, चाकोरी, भेगा, खड्डे सगळं किलोमीटरनिहाय नोंदवते. दुसरं यंत्र फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर. त्यात तीस सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन टाकतात आणि रस्ता किती दबला हे शेजारच्या संवेदकांवर मोजतात. ही चाचणी पावसाळा संपता संपता घ्यायची, कारण तेव्हा खालची माती सगळ्यात कमकुवत असते. एका पट्ट्यावर गुळगुळीत, भेग नसलेला रस्ता या यंत्राखाली शेजारच्या भेगाळलेल्या रस्त्यापेक्षा जास्त दबला. आदल्या वर्षीच वरून चार सेंटिमीटरचं नवं कार्पेट चढवलं होतं, आतला थर मात्र गेलेला. पैसे वरवर खर्च झाले होते. दर पाच–सहा वर्षांनी वरचा थर नवा करणं हे नियमित देखभालीत येतंच, पण कुठे नुसतं कार्पेट पुरेल आणि कुठे खालपासून उकरावं लागेल हे या मोजणीशिवाय ठरवू नये. ही माहिती आता गोळा होते आहे. तिच्यावरून कामाचा क्रम लावायची शिस्त सगळीकडे सारखी नाही.

अवजड वाहनांबद्दल थोडक्यात. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत राहिले आणि त्यातून एक नियम निघाला: रस्त्याची झीज आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळा पट. प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. त्या हिशेबाने तुमच्या मोटारीच्या अर्ध्या टनाच्या आसासारखे सत्तर हजार आस गेले तेव्हा एका प्रमाण आसाएवढी झीज होते. मोटारींनी रस्ता झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या मागच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ केली. आकडा जेमतेम तेरा टक्क्यांनी वाढला, झीज साठ टक्क्यांनी. आणि हे नियमातल्या भाराचं झालं. वाळू, ऊस, सळया यांच्या गाड्या किती भरतात ते तुम्ही रोज पाहताच. टोलनाक्यावर वजनकाटे आहेत. जादा माल उतरवून ठेवायला जागा आणि अधिकारी मात्र अभावानेच भेटतात, मग ती गाडी तशीच पुढे जाते.

पुलांचा विषय वेगळा लिहायला हवा, पण टाळता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि आणखी गाड्या त्याबरोबर गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून पुढच्या जूनमध्ये खुला झाला. २०१६ च्याच ऑक्टोबरात मंत्रालयाने देशातल्या महामार्गांवरच्या पूल–मोऱ्यांची यादी आणि अवस्था नोंदवणारी पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. दीड लाखांहून अधिक बांधकामं त्यात आली. प्रत्येकाला क्रमांक, जागा आणि अवस्थेचा गुण. ही खरी प्रगती आहे. पण पूल पाहायचा तो खालून. वरचा कठडा रंगवलेला असतो आणि खाली पायाजवळची माती प्रवाहाने खरवडून नेलेली असते. मी पुलांच्या पाहण्या नेहमी पाणी उतरल्यावर, नोव्हेंबरात, नदीपात्रात उतरून केल्या. ज्या पात्रात पाणी कधीच उतरत नाही तिथे पाणबुड्याकडून पाया तपासून घेण्याला पर्याय नाही. त्यासाठी पैसे मागितले की फाइल फिरते. मागत राहिलं पाहिजे.

अपघातप्रवण जागा ठरवायची व्याख्याही माहीत असू द्या: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. खंबाटकी बोगद्यापुढचं एस वळण आणि पुण्यातला नवले पुलाकडे उतरणारा उतार तुम्ही ऐकलेच असतील. तिथे आखणीच बदलावी लागते, आणि खंबाटकीला त्यासाठी नवा बोगदा खोदावा लागला. पण बहुतेक ठिकाणी पट्टे रंगवणं, रात्री चमकणारी बटणं बसवणं, गावकऱ्यांनी दुभाजक फोडून काढलेली वाट बंद करून त्यांना जवळच भुयारी मार्ग देणं, एवढ्यानेही फरक पडतो. आणि हे काम करणारे मजूर ताशी शंभरने जाणाऱ्या गाड्यांपासून दोन हातांवर उभे असतात. पुढे शंकू आणि पाटी दिसली तर कृपा करून वेग कमी करा. माझ्या ओळखीची दोन माणसं अशीच गेली आहेत.

आता तुमच्या चार जागांचं. पाऊस पडत असताना सुरक्षित ठिकाणी गाडी लावून पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते पाहा, फोटो काढा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्या. कार्यालयात याला साखळी क्रमांक म्हणतात, आणि ‘अमुक हॉटेलजवळ’ लिहिलेल्या तक्रारीपेक्षा साखळी क्रमांक आणि डावी–उजवी बाजू लिहिलेल्या तक्रारीवर काम लवकर होतं. खड्डा धोकादायक असेल तर १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

त्यानंतर माहिती अधिकारात दहा रुपयांचा एक अर्ज करा. चारच गोष्टी विचारा: हा पट्टा सध्या कुठल्या कंत्राटाखाली आहे आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, दोषदायित्व किंवा सवलतीचा (म्हणजे बीओटी, हॅमसारखा) करार कधी संपतो, शेवटचं सर्वेक्षण कधी झालं आणि या साखळी क्रमांकांना त्यात काय नोंद आहे, आणि या जागी गटार, मोरी यांचं काम मंजूर आहे का. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रस्ता प्राधिकरणाकडे नसेल तर कोणाकडे आहे हेही त्यातूनच कळेल.

हा अर्ज मात्र ऑक्टोबर–नोव्हेंबरात करा. जुलैत केलात तर उत्तरादाखल खड्डा बुजवल्याचा फोटो येईल. गटारं आणि मोऱ्यांची कामं जानेवारी ते मे या काळातच होऊ शकतात, त्यांचे अंदाजपत्रक त्याआधी बनतं. तुमचा पावसातला फोटो त्या वेळी फाइलला लागलेला असला, तर प्रकल्प संचालकाला तो मंजुरीसाठी पुढे करता येतो. मी त्या खुर्चीच्या शेजारी अनेक वर्षं बसलो आहे. अशा फोटोंवरून मंजूर झालेल्या तीन मोऱ्या मला आजही ठिकाणासकट सांगता येतील.